प्रमाणपत्र दोन दिवसांत मिळतं, हात बसायला दोन पावसाळे जातात

गुहागर तालुक्यातल्या एका ताईंचा प्रश्न थोडक्यात असा: "माझं वय २३, बी.कॉम. झालंय. गेल्या मे महिन्यात आमच्या वाडीतले एक काका आंब्यावरून पडले, तेव्हा आम्ही दहा-बाराजण नुसते बघत उभे राहिलो. मला स्वयंसेवी प्रथमोपचार आणि रुग्णवाहिका सेवेत प्रशिक्षणासाठी जायचं आहे. नर्सिंग केलेलं नसताना घेतात का? काय शिकवतात? पुढे नोकरीला उपयोग होतो का? आणि रक्त बघितलं की मला गरगरतं, त्याचं काय करायचं?"

ताई, घेतात. नर्सिंगची काहीच गरज नाही. मी स्वतः शाळेत प्रयोगशाळा सहाय्यक होतो, आणि गेली चोवीस वर्षं रत्नागिरी जिल्ह्यात हे काम करतोय. माझ्याबरोबर ड्यूटीला रिक्षावाले, पोस्टमन, अंगणवाडी सेविका, झालंच तर एक भटजीही असतात. सप्तपदी उरकली की धोतर बदलून येतात.

आधी कुठे जायचं ते सांगतो. आपल्याकडे जुनी आणि सगळीकडे चालणारी संस्था म्हणजे सेंट जॉन ॲम्ब्युलन्स. १८७७ मध्ये इंग्लंडमध्ये रेल्वे, खाणी आणि गिरण्यांतल्या कामगारांना अपघात झाला की जागेवर कोणीतरी शिकलेलं माणूस असावं म्हणून ती सुरू झाली. तिची दोन अंगं आहेत आणि लोक ती नेहमी एकमेकांत मिसळतात. असोसिएशन शिकवते, परीक्षा घेते, प्रमाणपत्र देते. ब्रिगेड म्हणजे गणवेशातले स्वयंसेवक. ते जत्रेला, विसर्जनाला, पुरात ड्यूटी करतात. दुसरा रस्ता रेड क्रॉसचा. जिल्हा शाखेचे अध्यक्ष जिल्हाधिकारी असतात, त्यामुळे चौकशी कलेक्टर कचेरीत होऊ शकते. तिसरा रस्ता 'आपदा मित्र' योजनेचा. त्यात बारा दिवसांचं प्रशिक्षण असतं आणि प्रथमोपचाराबरोबर दोरकाम, पूर, शोध-बचाव असंही शिकवतात. तुमच्या वयाला ते झेपेल. जिल्हा आपत्ती व्यवस्थापन कक्षात नाव देऊन ठेवा.

प्रमाणपत्र मिळणं अवघड नाही. बहुतेक ठिकाणी दोन दिवसांची बॅच असते, नाहीतर आठवडाभर संध्याकाळी तास-दोन तास. शेवटी तोंडी परीक्षा आणि हातानं करून दाखवायचं. सेंट जॉनचं प्रमाणपत्र तीन वर्षं चालतं. तुमच्या बॅचमध्ये निम्मी मुलं एसटीच्या कंडक्टरच्या बिल्ल्यासाठी आलेली असतील, कारण कंडक्टरच्या परवान्याला ते लागतं. काही लोट्याच्या एमआयडीसीतून पाठवलेले असतील, कारण १९४८ च्या कारखाने कायद्यानुसार दर दीडशे कामगारांमागे एक प्रथमोपचार पेटी आणि ती सांभाळायला शिकलेला माणूस ठेवावा लागतो. ही मुलं कागद घेऊन जातात आणि पुन्हा दिसत नाहीत. त्यांची चूक नाही, त्यांना कागदच हवा होता. तुम्हाला काय हवंय ते मात्र तुमच्या प्रश्नातच आहे. पुढच्या वेळी काका पडले तर तुम्हाला नुसतं उभं राहायचं नाहीये. त्यासाठी ब्रिगेडमध्ये नाव घाला आणि ड्यूट्या करा. दोन पावसाळे गेले की हात बसतो.

आता कोकणातली खरी अडचण सांगतो. पुस्तकं शहरातली असतात. तिथे प्रथमोपचार म्हणजे गाडी येईपर्यंतची आठ-दहा मिनिटं. आपल्याकडे वाडी डोंगराच्या उतारावर, तिथून पाखाडी, म्हणजे दगडी पायऱ्यांची वाट, उतरून रस्ता, रस्त्यावरून चिपळूण पंचेचाळीस किलोमीटर, आणि तोही वळणावळणाचा. दाभोळ-धोपावेची फेरी चालू असली तर दापोलीकडची वाट जवळ पडते, पण रात्री फेरी बंद झाली की तेही नाही. २०१४ पासून १०८ ची गाडी आली हे फार मोठं काम झालं, तिच्यात डॉक्टर असतो. पण रस्ता तर तोच आहे ना. म्हणजे आपल्याकडचा प्रथमोपचारक माणसाला तास-दीड तास सांभाळतो. पट्टी बांधायला पाच मिनिटं लागतात, उरलेल्या पंचावन्न मिनिटांत काय करायचं हे वर्गात फारसं कोणी सांगत नाही. माझ्या मते आपल्या भागातलं निम्मं शिक्षण त्या पंचावन्न मिनिटांचंच आहे.

तुमच्या काकांचंच घ्या. एप्रिल-मे आला की आमच्याकडे हे ठरलेलं: आंब्यावरून, नारळावरून, पोफळीवरून पडलेला माणूस. आंबे काढायची घळ हातात, फांदी सुटते, खाली कातळ. लोक काय करतात? दोघं काखेत हात घालून उचलतात, "बसवा, बसवा, पाणी द्या". मणका मोडला असेल तर याच उचलण्यात आतली नस तुटते आणि पाय कायमचे जातात. पहिली गोष्ट, हलवायचं नाही. एकानं गुडघे टेकून डोक्याशी बसायचं आणि दोन्ही हातांनी डोकं आहे तसं धरून ठेवायचं. तो माणूस मग तिथून उठत नाही, त्याच्या नाकावर माशी बसली तर दुसऱ्यानं हाकलायची. पोटात मार असू शकतो म्हणून पाणीही द्यायचं नाही, ओठ ओले करा फार तर. गाडी येणार असेल आणि माणूस नीट श्वास घेत असेल, तर त्याला तिथेच ठेवा, वर सावली धरा, अंगावर चादर घाला. हलवावंच लागलं, म्हणजे पाऊस आला किंवा गाडी पाखाडीच्या खालीच थांबणार असली, तर चारजण तरी हवेत. डोकं धरणारा हुकूम देतो, "एक, दोन, तीन" म्हटलं की सगळे एकदम त्याला ओंडक्यासारखा कुशीवर वळवतात, पाठीमागे फळी सरकवतात, पुन्हा हुकूम, पुन्हा पाठीवर. फळी नसेल तर दार काढा. आम्ही एकदा आंबे काढायच्या शिडीवर गोधडी बांधून माणूस पाऊण तास पाखाडी उतरवलाय. पायांकडची बाजू पुढे, डोकं धरणारा शेवटपर्यंत डोक्याशी, आणि पुढे एकजण नुसता "पायरी... पायरी... ओलं आहे" म्हणत. हे वर्गात कोरड्या लादीवर करताना सोपं वाटतं. म्हणून म्हणतो, पावसाळ्यात सराव करा.

त्याच शिडीवरून उतरवलेल्या माणसाची पुढची गोष्ट. गाडी यायला वेळ होता. माझ्या मागे बसलेल्या आमच्या एका सिनियर बाईंनी मला पेन दिलं आणि म्हणाल्या, "नाडी बघ आणि हातावर लिही." मला वाटलं, आता हे कशाला? सात वाजून दहा मिनिटं, ९६. साडेसात, १०८. पावणेआठ, १२४. माणूस बोलत होता, "मी बरा आहे" म्हणत होता, रक्ताचा थेंब बाहेर नव्हता. ग्रामीण रुग्णालयात डॉक्टरांनी माझा पालथा हात बघितला, पोट दाबून बघितलं, आणि तिथे न थांबवता सलाईन लावून तसंच पुढे पाठवलं. प्लीहा फुटली होती. वाढत जाणारी नाडी म्हणजे आत रक्त जातंय, ही एक ओळ मी पुस्तकात तीनदा वाचली होती. हातावर उतरली ती त्या संध्याकाळी. तेव्हापासून माझ्या खिशात बॉलपेन असतं, आणि सोपवताना चार गोष्टी त्याच क्रमानं सांगतो: काय झालं, किती वाजता झालं, काय दिसलं, आम्ही काय केलं. दमलेल्या डॉक्टरला तुमची काळजी ऐकायला वेळ नसतो, आकडे ऐकायला असतो.

समुद्राचं वेगळं प्रकरण आहे आणि यात मी जरा हट्टी आहे. सध्या सर्वसामान्यांना सीपीआर, म्हणजे हृदय बंद पडलेल्याला जगवायचा उपाय, शिकवताना नुसतं छाती दाबायला शिकवतात, मिनिटाला १०० ते १२०, पाच-सहा सेंटिमीटर खोल. हृदय अचानक बंद पडून कोसळलेल्या मोठ्या माणसासाठी ते ठीकच आहे, न करण्यापेक्षा शंभर पट चांगलं. पण बुडालेल्या माणसाचं हृदय बंद पडतं ते श्वास कोंडल्यामुळे. त्याच्या रक्तातला ऑक्सिजन आधीच संपलेला असतो, तेच रक्त पंप करून काय मिळणार? त्याला आधी तोंडानं श्वास द्यायचे, पाच, छाती उठताना दिसली पाहिजे. मग तीस दाब, दोन श्वास, तीस दाब, दोन श्वास. किनाऱ्यावर राहणाऱ्यानं हे शिकल्याशिवाय वर्ग सोडू नये. तुमच्या प्रशिक्षकानं वगळलं तर मुद्दाम विचारा, आणि पुतळ्यावर करून घ्या. फेसशिल्ड म्हणून एक प्लॅस्टिकचा कागद मिळतो, तो पाकिटात ठेवा म्हणजे तोंड लावायला मन कचरत नाही.

आणि गर्दी! किनाऱ्यावर पहिल्यांदा गेलो तेव्हा चार दणकट माणसांनी एका मुलाला पाय धरून उलटा केला होता, "पोटातलं पाणी काढा" म्हणत. दुसऱ्या एका ठिकाणी पालथा घालून पोट दाबत होते. पोटातलं पाणी पोटात राहू दे, त्यानं कोणी मरत नाही. ते दाबलं की उलटी फुप्फुसात जाते आणि सोन्यासारखी मिनिटं वाया जातात. पण हे चिडलेल्या, रडणाऱ्या माणसांना समजावत बसायला वेळ नसतो. मला आमच्या बाईंनी युक्ती शिकवली: सगळ्यांना काम द्या. "दादा, तुम्ही १०८ लावा आणि स्पीकर चालू ठेवा. तुम्ही गर्दी मागे घ्या. तुम्ही रस्त्याच्या फाट्यावर जाऊन बॅटरी दाखवत उभे राहा, गाडी चुकेल." तेवढ्यात जमीन मोकळी होते. गणवेशाचा खरा उपयोग इथे आहे. तुम्ही तेवीस वर्षांची मुलगी म्हणून गावातले बाप्ये ऐकणार नाहीत, गणवेशातली ऐकतात. चूक की बरोबर ते बाजूला ठेवा, आहे हे असं आहे.

आणखी एक, पोहता येतं म्हणून बुडणाऱ्याच्या मागे उडी मारायची नाही. रायगडातल्या मुरूडला २०१६ च्या फेब्रुवारीत सहलीला आलेले विद्यार्थी बुडाले ते आठवत असेल. ओहोटीची ओढ पट्टीच्या पोहणाऱ्यालाही घेऊन जाते. झाकण घट्ट लावलेला तेलाचा रिकामा कॅन दोरीला बांधून फेका. बोट बुडतेय, खलाशी समुद्रात आहे असं असेल तर तटरक्षक दलाचा १५५४ आणि सागरी पोलिसांचा १०९३, हे दोन नंबर आत्ताच मोबाइलमध्ये घाला. मासेमारीतल्या बारीकसारीक जखमा तुम्हाला रोज बघायला मिळतील. शिंगाळा किंवा पाकट या माशांचा काटा लागला तर सोसवेल एवढ्या गरम पाण्यात हात-पाय अर्धा-पाऊण तास बुडवून ठेवा. ठणका उतरतो, माणूस तुम्हाला देव मानतो. काटा आत मोडला असेल तर मात्र दवाखाना.

साप-विंचवावर आपल्या भागाचं वेगळं शास्त्रच आहे. महाडच्या डॉ. हिम्मतराव बावस्करांनी लाल विंचवाच्या दंशावर प्राझोसिन हे रक्तदाबाचं औषध वापरून दाखवलं आणि माणसं वाचायला लागली. त्यांना २०२२ मध्ये पद्मश्री मिळाली. विंचू चावून घाम, उलटी, हातपाय गार असं दिसलं तर "विंचूच तर आहे" म्हणून घरी ठेवायचं नाही, हे त्यातून आपल्या कामाचं. सापांत आपल्याकडे फुरसं. गवत कापताना, कातळावर दगड उचलताना चावतं. ते चावल्यावर रक्त गोठायचं थांबतं, म्हणून ब्लेडनं कापणं, चोखणं, सुतळीनं आवळणं यातलं काहीच करायचं नाही. पाय हलू द्यायचा नाही, खपची, म्हणजे आधाराची काठी किंवा पट्टी, लावायची, अंगठी-पैंजण-जोडवी काढायची, चालवायचं नाही, प्रतिविष असलेल्या दवाखान्यात न्यायचं. तिथे वीस मिनिटं काचेच्या नळीत रक्त ठेवून गोठतंय का बघतात. किती वाजता चावलं ते तुम्ही नक्की सांगितलंत तर त्यांना फार मदत होते. घरचे मांत्रिकाचा हट्ट धरतील. मी भांडत नाही. "बुवांना गाडीत घ्या, मंत्र वाटेत म्हणू देत," असं सांगतो. दोनदा बुवा खरंच आले, त्यातला एक वळणांवर इतका ओकला की शेवटी त्यालाच पिशवी धरावी लागली.

वळणावरून आठवलं. रुग्णवाहिकेच्या मागच्या भागात बसणं हे एक स्वतंत्र कसब आहे आणि ते ड्यूटीशिवाय येत नाही. शुद्ध हरपलेला माणूस उताणा ठेवलात आणि घाटात त्याला उलटी झाली, तर ती श्वासनळीत जाते. म्हणून कुशीवर वळवायचं, पट्टे बांधायचे, हनुवटी किंचित वर. पाठीला मार असेल तर वेगळं, तेव्हा तोंडातली उलटी ओढून घ्यायचं यंत्र, म्हणजे सक्शन, तोंडाशी तयार ठेवायचं. माझ्या दुसऱ्याच वर्षी महामार्गावर मोटारसायकल घसरली होती. एकजण मोडलेला पाय धरून ओरडत होता, मी धावत त्याच्याकडे गेलो. दुसरा शांत पडून घोरत होता. मला वाटलं बेशुद्ध आहे, नंतर बघू. आमच्या बाई माझ्यावर त्या रस्त्यावरच ओरडल्या. घोरणं म्हणजे जीभ मागे पडून श्वास अडकतोय. त्यांनी त्याचा जबडा पुढे ओढला आणि आवाज बंद झाला. तो वाचला, पण माझ्यामुळे नाही.

त्रिकोणी पट्टीबद्दल एक शब्द. वर्गात तुम्हाला तिच्या रुंद घडी, अरुंद घडी, झोळी, रीफ नॉटची गाठ हे सगळं इतक्यांदा करायला लावतील की कंटाळा येईल. करा. घरी भावाच्या हाताला बांधा, मग डोळे मिटून बांधा. एका ओढणीतून झोळी, दाब-पट्टी, खपचीचे बंध, डोक्याची पट्टी असं सगळं निघतं, आणि कोकणात रात्री बारा वाजता ओढणी किंवा पंचाच हाताशी असतो. भाजलं तर वीस मिनिटं वाहतं गार पाणी. टूथपेस्ट, शाई, हळद काही नाही.

रक्त बघून गरगरणं: मलाही व्हायचं. यात मनाचा कमकुवतपणा वगैरे काही नाही, रक्तदाब एकदम उतरतो म्हणून होतं. उपाशीपोटी ड्यूटीला जायचं नाही. ताठ उभं न राहता गुडघा टेकून जखमीजवळ बसायचं, कामही नीट होतं आणि पडलात तरी लागत नाही. डोळ्यांपुढे अंधारी येतेय असं वाटलं की मांड्या, पोट, मुठी दहा-पंधरा सेकंद घट्ट आवळायच्या, सोडायच्या, पुन्हा आवळायच्या. आणि हाताला काम द्यायचं. नुसतं बघणाऱ्याला जास्त गरगरतं, हे तुम्ही स्वतः अनुभवाल. सुरुवात मोठ्या अपघातानं होतही नाही. गणपतीपुळ्याची अंगारकी, मार्लेश्वराची यात्रा, विसर्जन, अशा ड्यूट्यांत ९० टक्के काम म्हणजे उपास आणि ऊन यांनी आलेली चक्कर, पायाला काच, हरवलेलं पोर, आणि साखर उतरलेले आजोबा. आजोबा शुद्धीत असतील आणि गिळता येत असेल तर साखरेचं पाणी, नसेल तर तोंडात काही घालायचं नाही. कंटाळवाणं वाटेल. पण शंभर साध्या नाड्या मोजल्याशिवाय एकशे एकावी वेगळी आहे हे बोटांना कळत नाही.

नोकरीचं स्पष्ट सांगतो, म्हणजे नंतर वाईट वाटायला नको. प्रथमोपचाराचं प्रमाणपत्र म्हणजे पॅरामेडिक नव्हे. रुग्णवाहिकेवर पगारी काम हवं असेल तर त्याचा वेगळा मान्यताप्राप्त अभ्यासक्रम करावा लागतो. ब्रिगेडमध्ये पगार नाही, फार तर चहा-वडापाव आणि जाण्यायेण्याचं भाडं. कोणी "हे प्रमाणपत्र घ्या, दवाखान्यात लावून देतो" म्हणून हजारो रुपये मागितले तर उलट्या पावली परत या. आमच्याच भागात दोन मुली अशा फसल्यात. मात्र दोन वर्षांच्या ड्यूट्यांनंतर तुम्हाला कळलेलं असेल की हे आयुष्यभर करायचंय की नाही. आमच्या तिघी मुली पुढे नर्सिंगला गेल्या, एक १०८ च्या कॉल सेंटरला आहे.

पोलिसांची भीती घरचे घालतील, "कोर्टात फेऱ्या मारशील". सर्वोच्च न्यायालयानं २०१६ मध्ये मदत करणाऱ्यांना संरक्षण दिलं, आणि २०१९ च्या दुरुस्तीनं मोटार वाहन कायद्यात कलम १३४-अ आलं. अपघातग्रस्ताला सद्भावनेनं मदत करणाऱ्यावर दिवाणी किंवा फौजदारी जबाबदारी येत नाही, आणि नाव-पत्ता द्यायची सक्ती करता येत नाही. हे तोंडपाठ ठेवा. माझ्यावर चोवीस वर्षांत एकदाही कोर्टाची पायरी चढायची वेळ आलेली नाही.

सुरू करण्याआधी धनुर्वाताचं इंजेक्शन घ्या, आणि हिपॅटायटिस बीचे तीन डोस: आज, महिन्यानं आणि सहा महिन्यांनी. हातमोजे स्वतःचे ठेवा, पेटीतले नेहमी संपलेले असतात.

फोन कराल तेव्हा "पुढची बॅच कधी?" हे तर विचाराच, पण त्याबरोबर "पुढची ड्यूटी कुठे आहे, मी नुसती बघायला येऊ का?" असंही विचारा. जो "या" म्हणेल त्याच्याकडे शिका. आणि येताना स्लिपर घालून येऊ नका, मागे पट्टा असलेलं काहीतरी घाला. पाखाडी ओली असते.